शिडीखालून मारलेली हाक

आमच्या मालकाला उंचावर चढायची भारी हौस. लग्न ठरलं तवा त्यांच्या घरच्यांनी माझ्या बापाला सांगितलं होतं की पोरगा कामाला वाघ हाय, दारूला शिवत न्हाई, आन् बाभळीच्या शेंड्यापर्यंत सरसर जातो. बापाला त्या शेवटच्याचंच जास्त कौतुक वाटलं. मला कुणी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर म्हणले असते, जमिनीवर चालणारा एखादा बघा ना, तेवढं बास झालं.

त्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आमचंही मूळ तेच, पण माझ्या आज्यानं मंठ्याकडं जमीन धरली आन् आमी शेतीचे झालो. त्यांच्याकडं मात्र लहानपणापासून खांद्यावर कुऱ्हाड घ्यायची, झाडावर चढायचं आन् कोकरांसाठी पाला खाली टाकायचा, हेच चाललेलं. पुढं मेंढरं कमी झाली, भाऊ वाढले, आन् हे जालन्याला जिनिंगमधी कामाला लागले. निजामाचं राज्य होतं तवा. कापसाच्या दिवसांत बैलगाड्यांची रांग लागायची आन् रस्त्याकडंच्या बाभळी उडालेल्या कापसानं पांढऱ्या दिसायच्या. आमी मस्तगडाच्या अंगाला एका खोलीत राहायचो. मी, हे आन् माझी सासू.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. लांबलचक पत्र्याची शेड. वर, छताच्या जवळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी दांडा फिरायचा. दांड्यावर चाकं, चाकांवर चामड्याचे पट्टे, आन् ते पट्टे खाली एकेका मशिनीला जोडलेले. इंजन सुरू झालं की वरचा दांडा फिरायचा, पट्टे फडफडायचे आन् आमा बायकांच्या पुढ्यात मशिनी घरघरायला लागायच्या. मशिनीत कापूस घालायचं काम आमचं. आन् शिडी लावून त्या वरच्या दांड्याच्या सांध्यांत तेल घालायचं काम ह्यांचं. तेलवाला म्हणायचे त्यांना. तेल न्हाई मिळालं की सांधे तापायचे, आन् आजूबाजूला तर सगळा कापूस. म्हणून तेल द्यावंच लागायचं, तेही इंजन चालू ठेवून. थोडा वेळ बंद करा म्हणलं की मुकादमाच्या पोटात दुखायचं.

म्हणजे झालं काय, की आमचं माणूस वरून पडलं तर जमिनीवर पडणार न्हाई, फिरत्या पट्ट्यात पडणार. माझ्या जिवाला घोर होता तो हा. बाकी कशाचं मला काही वाटायचं न्हाई.

बरं, माणूस सांभाळून चढणारा असता तर एक गोष्ट. ह्यांच्या एका हातात तेलाची कुप्पी असायची. दुसऱ्या हातानं कधी शिडी धरायची, कधी डोक्यावरचं मुंडासं सावरायचं, कधी खालच्या कुणाला तरी रामराम घालायचा. एका सांध्याला तेल दिलं की खाली उतरायचं, शिडी पुढं सरकवायची, परत चढायचं, ही खरी रीत. पण ह्यांना उतरायचा कंटाळा. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, अर्धं अंग शिडीबाहेर काढून शेजारच्या सांध्यापर्यंत कुप्पी पोचवायची. खालची माणसं वाहवा करायची, मंग तर काय, बाप्पा, अजून थोडं अंग बाहेर. मी खालून बघायचे आन् हातातला कापूस हातातच राहायचा. मुकादम वरडायचा, बाई, कापूस मशिनीत घालायचाय, छातीशी धरून बसायचा न्हाई.

घरी आले की मी भांडायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं, की बाभळीवरून कधी पडलो न्हाई तर शिडीवरून काय पडतो. मी म्हणायचे, बाभळीला मुळं हाईत, शिडीला काय हाय? ती नुसती टेकलेली. सासू चुलीपाशी भाकरी थापत सगळं ऐकायची आन् कुणाचीच बाजू घ्यायची न्हाई. तिचा नवरा आयुष्यभर मेंढरांमागं चालत राह्यला, तिला शिडीचं काय ठाऊक, असं मला तवा वाटायचं.

जिनिंगच्या गेटावर जो चौकीदार बसायचा ना, तो ह्यांच्या आधीचा तेलवाला. शिडीवरून पडला, एक पाय कायमचा ताठ झाला, मंग सेठनं त्याला गेटावर बसवलं. कसा पडला हे तो दरवेळी निराळं सांगायचा. एकदा म्हणायचा, छतात जिन्नात राहतो त्यानं ढकललं. एकदा म्हणायचा, नजर लागली. एकदा म्हणायचा, अवस होती, चढायलाच नको होतं. खरं काय ते सगळ्या जिनिंगला ठाऊक होतं. फरशीवर सरकी सांडलेली, त्याच्यावर शिडीचे पाय, आन् शिडी धरायला कुणी न्हाई. शिडी खालून घसरली. त्याचं नशीब की जेवणाची सुट्टी होती आन् इंजन बंद होतं. पण सरकीनं पाय मोडला म्हणून सांगायला माणसाला लाज वाटती. जिन्नातानं ढकललं म्हणलं की ऐकणारा चहा तरी पाजतो.

त्या ताठ पायाकडं बघून मी एक उपाय केला. जुन्या लुगड्याचा काठ कापला आन् कमरेला बांधायची एक पिशवी शिवली. कुप्पी पिशवीत, दोन्ही हात शिडीला. मला वाटलं लै अक्कल चालवली. पहिल्याच दिवशी हे पिशवी बांधून गेले तर गाडीवाले, हमाल, सगळे म्हणायला लागले की नवरी सासरला निघाली, ओटी भरा. दुसऱ्या दिवशी पिशवी घरात खुंटीला. मी त्या रात्री जेवले न्हाई. त्यांनी माझ्या वाटची भाकरी खाल्ली आन् वर म्हणले, बरी झाली होती.

शेवटी पिशवी बांधायला लावली ती इंजनवाल्या मिस्त्रीनं. हा हैदराबादकडचा म्हातारा, दाढी मेंदीनं लाल केलेली, मला बेटी म्हणायचा. त्याच्यापुढं मुकादमाचंही काही चालत न्हाई, कारण इंजन त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हतं. मी त्याला गाऱ्हाणं सांगितलं. तो दुपारी सगळ्यांदेखत ह्यांना म्हणला, "थैली बांध लेव मियां, नै तो एक दिन तुमकू चादर में बांध के घर लाना पडता."

हसणारे गप झाले. हे बायकोला भीत नव्हते, पण मिस्त्रीला भीत होते. त्या दिवसापासून पिशवी कमरेला आली. हात मात्र शिडी सोडून मुंडाशाकडं जायचा तो जायचाच.

मंग पायरीचं. शिडी कळकाच्या बांबूंची होती, दोन उभे कळक आन् आडव्या बाभळीच्या पायऱ्या. एकदा दुपारी शिडी आडवी पडलेली होती आन् मी तिच्यापाशी भाकरी सोडून बसले. बघते तर वरून दुसरी पायरी लांबून चिरलेली. नखानं चाचपलं, नख आत गेलं. मुकादमाला दाखवलं तर म्हणला, हंगाम संपत आलाय, पुढच्या वर्षी बघू, एवढ्याशा चिरेला काय होतंय. मी गोणीची सुतळी घेतली, त्या पायरीला करकचून गुंडाळली आन् वर ही एवढी जाडजूड गाठ मारली, शेपट्या लोंबत्या ठेवल्या. सुतळीनं पायरी मजबूत होते असं मला बिलकुल वाटत नव्हतं. ती खूण होती. ह्यांना बजावलं, हाताला गाठ लागली की तिच्यावर पाय ठेवायचा न्हाई, ती सोडून लांब टांग टाकायची.

माझी ही एकच गोष्ट त्यांनी ऐकली. कामून ऐकली कुणास ठाऊक. वर जाताना हातानं गाठ चाचपायचे आन् ती पायरी टाळून पुढं जायचे. खाली माझ्याकडं बघायचे सुद्धा, बघितलंस का, असं. मी मान हलवायचे. उरलेला हंगाम असा निघाला.

आता नावाचं सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, हे तर तुमाला ठाऊकच असंल. माझ्या आईनं त्याच्यापुढचंही सांगितलं होतं, की बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य तेवढं घटतं. उखाण्यात घेतलं तर चालतं, तिथं देवाच्या नावात गुंडाळून घेतलेलं असतं. पण मी अशी हट्टी, की उखाण्यातही घेतलं न्हाई. उगं कशाला जोखीम? लग्न होऊन आले तवा सासू दारात आडवी उभी राह्यली, नाव घे आन् मंग आत ये. मी उंबऱ्याबाहेर उभी. वऱ्हाड उन्हात तापलं, करवल्या रुसल्या, हे बाजूला उभे राहून हसून राह्यले. मी तोंड उघडलं न्हाई. शेवटी सासूचेच पाय दुखायला लागले. ये बाई आत, म्हणली, तुझ्यापुढं मी हरले.

जिनिंगमधल्या बायकाही दुपारच्या भाकरीला मागं लागायच्या, घे की गं नाव. मी म्हणायचे, आधी शिडीखालची सरकी झाडा, मंग बघू. तेवढ्यापुरती सरकी झाडून व्हायची, नाव काही कुणाला मिळालं न्हाई. लेकुरवाळ्या बायकांना नवऱ्याला हाक मारायला सोय होती, लेकराच्या नावानं मारायची, अमकीचे बाप म्हणून. मला अजून लेकरू नव्हतं. मंग माझ्याकडं एकच शब्द, अवं. आन् त्या शेडमधी निम्म्या बायकांचे नवरे कामाला, सगळेच अवं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला मी माहेरी गेल्ते. पोट दिसायला लागलं होतं. आई मला जांबला रामाच्या देवळात घेऊन गेली. तिनं नातवंड सुखरूप मागितलं. मी हात जोडून ह्यांचे पाय जमिनीवर राहू दे म्हणलं. देवालाही वाटलं असंल, काय मागती ही बाई.

मी तिकडं असताना इकडं जिनिंगमधी पाडव्याची पूजा झाली. हंगामाआधी दरवर्षी व्हायची, पण त्या वर्षी सेठ स्वतः येणार होता, म्हणून मुकादमाच्या अंगात संचारलं. मशिनी पुसल्या, झेंडूच्या माळा बांधल्या, दाराला आंब्याची डहाळी लावली. शिडी तेवढी कळकट दिसून राह्यली. मुकादमानं गेरू कालवला आन् शिडीला वरपासून खालपर्यंत दोन हात दिले. वर चुन्याचे पांढरे ठिपके. सुतळीची गाठ त्या सजावटीत लै वंगाळ दिसत होती, ती त्यानं विळ्यानं कापून फेकून दिली. मंग शिडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सेठनं म्हणे शिडीचं खास कौतुक केलं. पूजेच्या दिवशी अवजाराला काम लावायचं नसतं, म्हणून त्या दिवशी तिच्यावर कुणी चढलं न्हाई.

भाऊबीज झाली आन् मी परत आले. त्याच दिवशी जिनिंग सुरू होणार होती. सासू म्हणली, आजच्या दिवस पड जरा, गाडीनं अंग आंबलं असंल. पण मला घरात करमेना. मी तशीच गेले. गेटावर चौकीदार म्हणला, जा बघून ये, आपली शिडी नवरीवानी नटवलीय. मी हसून आत गेले.

आत गेले तर मिस्त्रीनं नुकतंच इंजन सुरू केल्तं. माझी मशीन शेडच्या या टोकाला, शिडी त्या टोकाला दांड्याला टेकवलेली. हे खाली उभे राहून कमरेची पिशवी आवळून राह्यले होते. एक नवीन माणूस शिडीचे पाय धरायला ठेवलेला दिसला, तेवढं बघून मला बरं वाटलं. शिडी खरंच सुरेख दिसत होती, लालभडक. माझे डोळे सवयीनं वर गेले, गाठ बघायला. गाठ कुठं दिसेना.

मुकादम माझ्याशेजारीच उभा होता. मी त्याला विचारलं, नवी पायरी बसवली का? इंजनाच्या आवाजात तो माझ्या कानाशी येऊन वरडला, "शिडी तीच हाय बाई, रंग नवा. ती गाठ काढून टाकली, कशी दिसत होती ती!"

आन् माझ्याकडं बघत उभा राह्यला, मी त्याला शाबास म्हणावं म्हणून.

मी परत वर बघितलं तर हे अर्ध्याच्या वर गेलेले. मधी मशिनींची रांग, खाली सरकी, आन् माझं हे पोट. पळून तिथवर पोचणं काही शक्य नव्हतं. मी वरडले, अवं! मुकादमानं वळून बघितलं. दोन हमालांनी बघितलं. कापूस ओढणाऱ्या एकानं तर काय गं म्हणून विचारलंही, त्याला त्याची बायको वाटली. आमचे बघतील तर शपथ. परत वरडले, अवं, थांबा! शिडी धरणाऱ्या नव्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी हात हलवून राह्यले, थांबव म्हणून. त्याला वाटलं मी रामराम घालून राह्यले. त्यानं भल्या माणसानं शिडीवरचा एक हात सोडून मला उलटा रामराम घातला.

वर ह्यांचा हात त्या पायरीवरून गेला. गाठ हाताला लागली न्हाई, म्हणून तो थांबला न्हाई. त्यांनी पाय उचलला.

आईनं सांगितलेलं सगळं मला तवा आठवलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. नंतर लै विचार केला त्याचा, पण त्या क्षणाला काही सुचलं न्हाई. तोंड उघडलं आन् त्यांचं नाव बाहेर आलं. पुढं देवाचं नाव न्हाई, मागं यमक न्हाई, नुसतं नाव, आन् तेही असं कडाडून की माझाच आवाज मला ओळखू आला न्हाई. काय नाव ते तुमाला सांगणार न्हाई, उगं वाट बघू नका.

हे जागच्या जागी थिजले. एक पाय हवेत, दोन्ही हात शिडीला घट्ट. पहिल्यांदाच, बरं का, दोन्ही हात. जन्मात कधी त्या आवाजातून ते नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी हळूच मान वळवली आन् खाली बघितलं, तोंड उघडं. शेडमधल्या बायकांचे हात थांबले, मशिनी रिकाम्याच घरघरायला लागल्या. मिस्त्रीला वाटलं कुणाचा तरी हात सापडला, त्यानं इंजन बंद केलं. पट्टे फडफडत फडफडत थांबले. आन् मंग इतकं शांत झालं, की मी साध्या आवाजात बोलले ते पार वरपर्यंत गेलं.

"तो पाय खाली घ्या," मी म्हणलं. "आन् धरून उतरा."

उतरले. शाण्या लेकरासारखे, एकेक पायरी चाचपत उतरले.

मुकादम चिडला. इंजन बंद पडलं, पहिल्याच दिवशी अपशकुन, बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं, एक ना दोन. चौकीदार ताठ पाय ओढत गेटावरून आत आल्ता. तो म्हणला, शिडी आडवी करा. शिडी जमिनीवर ठेवली. मिस्त्रीनं त्या पायरीवर टाच ठेवली आन् जरा दाबली. जोर लावावाच लागला न्हाई. कट्कन मधून दोन तुकडे. बाहेरून गेरूनं लालेलाल आन् आत लाकूड पांढरं फटक.

ह्यांनी वर दांड्याकडं बघितलं, मंग खाली पट्ट्यांकडं बघितलं, आन् मंग माझ्याकडं. मी कापसाच्या ढिगावर बसले आन् हमसून हमसून रडले. भीती होती तोवर रडू आलं नव्हतं. ती गेली आन् मला काही आवरेना. माझं माणूस माझ्यापुढं धड उभं होतं आन् मी रडून राह्यले होते.

मंग बायकांपैकी कुणी तरी फस्सकन हसली. घेतलं गं बया, म्हणली, घेतलं! उखाणा न्हाई, काही न्हाई, उघडंबोडकं घेतलं! मंग काय, सगळी शेड हसायला लागली. ह्यांचे कान गेरूपेक्षा लाल. माझ्यापाशी आले, पडलेला माझा पदर उचलून माझ्या हातात दिला, आन् हळूच विचारलं, "एवढ्या मोठ्यानं?"

मी म्हणलं, अवं म्हणून दोनदा सांगितलं होतं.

मिस्त्रीनं त्याच दिवशी कायदा केला. शिडीला परत कधी रंग लावायचा न्हाई, लावायचंच असंल तर अळशीचं तेल लावा, त्यातून चीर दिसती तरी. चिरलेली पायरी बांधून चालवायची न्हाई, काढायची. चढायच्या आधी खालची सरकी झाडायची, आन् शिडी धरणाऱ्यानं कुणालाही रामराम घालायचा न्हाई, सेठ आला तरी. सकाळी काठीनं एकेक पायरी ठोकून बघायचं काम चौकीदाराला दिलं, तर तो त्या कामावर असा खूश झाला की मुकादमालाही शिडीला हात लावू देईना. त्याची गोष्टही बदलली. आता छतातल्या जिन्नाताला माझ्या वरडण्यानं पळवून लावलं असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायला लागला. मला कधी कधी त्याचा चहाही मिळायचा.

पण माझी खरी पंचाईत होती ती घरची. सासूला काय सांगायचं? आमी घरी पोचायच्या आधीच बातमी मस्तगडला पोचल्ती. आत गेले तर सासू मीठमिरच्या मुठीत घेऊन बसलेली. तिनं ह्यांची दृष्ट काढली, मंग माझीही काढली, आन् मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका लागून आमी तिघंही खोकलो. जेवायला वाढलं. हे खाली मान घालून जेवले आन् जल्दी जल्दी हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला एकटीला सोडून. असले धीराचे.

"तू नाव घेतलंस म्हणे," सासू म्हणली.

घेतलं आत्याबाई, मी म्हणलं.

उखाण्यात घेतलं का, तिनं विचारलं. मी म्हणलं, न्हाई, नुसतंच. मला वाटलं आता हिच्या लेकाचं आयुष्य मी किती घटवलं त्याचा जाब देणं आलं. मी डोळे मिटून घेतले.

"त्याला ऐकू गेलं?"

गेलं.

मंग झालं, म्हणली. शिंक्यावरचं भांडं काढलं आन् माझ्या ताटात सायीचं दही घातलं, सगळं, लेकासाठी ठेवलेलं. आन् म्हणली, "कुणी काही बोललं तर सांग, आत्याबाईनं घ्यायला लावलं होतं. उंबऱ्यात मीच म्हणले होते ना, नाव घे म्हणून. तू जरा उशिरा घेतलंस, एवढंच."

त्या दिवसापासून ती म्हातारी माझी झाली, ते ती जाईपर्यंत.

तरी मनातली शंका कुठं जाते? पुढच्या वटसावित्रीला मी वडाला इतरांपेक्षा जास्तीचे फेरे मारले. पुजारी म्हणला, बाई, झाले तुझे. मी म्हणलं, तुमी तुमचं बघा, मला थोडं भरून काढायचंय. तोवर आमची लेक झाली होती, तिला कडेवर घेऊनच फिरले. लेक झाल्याचं ऐकून मिस्त्री मला म्हणला होता की अच्छा हुआ, आता तुला हाक मारायला सोय झाली. खरंच झाली. तवापासून ते माझे पोरीचे बाप.

आता आमी दोघंही म्हातारे. ती जिनिंग कधीच बंद पडली. आमच्या घराला मातीचं सपाट माळवद हाय, तिथं जायला शिडी हाय, बिनरंगाची. ह्यांना मी तिच्यावर चढू देत न्हाई. केस गेले, दात गेले, कानाला जरा कमी ऐकू येतं, पण चढायची हौस गेली न्हाई. कधी पन्हळ बघायची म्हणतात, कधी वर वाळत घातलेल्या मिरच्या उलथायच्या म्हणतात. मी नुसतं डोळे वटारून बघते.

कधी कधी संध्याकाळी ओट्यावर बसलो की त्यांना लहर येती. म्हणतात, त्या दिवशी इंजनाच्या आवाजात मला नीट ऐकायलाच न्हाई मिळालं, एकदा परत म्हण की. साफ खोटं. असं ऐकलं होतं की पाय हवेतच राह्यला होता.

मी म्हणते, त्यासाठी तुमाला वर चढावं लागंल, आन् चढू तर मी देत न्हाई.

मंग ते शिडीकडं बघतात, मी त्यांच्याकडं बघते, आन् आमी दोघंही खालीच बसून राहतो.